हेडाऊबाई आणि एकेचाळीस दाते

हेडाऊबाईंना कुणी ‘बिचारी’ म्हटलेलं मी एकदाच ऐकलं. म्हणणारा आमच्या ऑफिसात नुकताच लागलेला एक कारकून होता. बाई जिना चढत होत्या. डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांत बांधलेला. त्यामुळे आधी उजवा पाय पायरीवर, मग कठड्याला धरून सगळं अंग वर, मग तो ताठ पाय मागून खडकन. नऊ पायऱ्या झाल्या होत्या. कारकून खाली उभा होता, तो शेजारच्याला हळूच म्हणाला, “बिचारी.”

बाई थांबल्या, वळल्या आणि चढलेल्या नऊच्या नऊ पायऱ्या परत उतरल्या. अशा पायाला चढण्यापेक्षा उतरणं कठीण असतं. आम्ही सगळे जागच्या जागी उभे. त्या कारकुनापुढे येऊन त्यांनी विचारलं, “कोन बिचारी?”

“नाही, म्हणजे... मी सहज...”

“नाव सांगा ना. या बिल्डिंगीतल्या सगळ्या बाया मले माहीत हायेत. बिचारी कोनती हाय, मलेही कळू द्या.”

 बाईंनी अर्धा मिनिट वाट पाहिली आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला सुरुवात केली.

वत्सला हेडाऊ. सरकारी बांधकाम खात्याच्या नागपूरच्या ऑफिसात नकाशा शाखेत ट्रेसर. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर मेणकापडासारखं पारदर्शक कापड अंथरायचं आणि शाईनं तो नकाशा जसाच्या तसा उतरवायचा, हे ट्रेसरचं काम. मी त्याच शाखेत ज्युनिअर ड्राफ्ट्समन म्हणून लागलो तेव्हा कुहीहून ट्रंक घेऊन आलेला तेवीस वर्षांचा मुलगा होतो आणि बाई चाळिशीला टेकल्या होत्या. त्यांच्या हाताची रेघ अशी की कुठं सुरू झाली नि कुठं संपली ते भिंगातून पाहूनही कळू नये. साहेब लोक आपल्या चुका झाकायच्या असल्या की नकाशा मुद्दाम त्यांच्याकडे द्यायचे. बाई चूक झाकत नसत. ती शाईत तशीच उतरवत आणि समासात बारीक अक्षरात लिहीत, ‘मूळ नकाशात असेच आहे.’

त्या कोष्ट्यांच्या घरातल्या. वडील, काका, भाऊ, सगळे मागावर. खड्ड्यातला माग, खाली पाय सोडून बसायचं आणि दोन्ही पायांनी आळीपाळीनं पावड्या दाबायच्या. बाईंना तीन वर्षांच्या असताना ताप आला आणि डावा पाय गेला. “पाय पावडीवर चालत नाही म्हून शाळेत घातलं मले,” त्या सांगायच्या. “माह्या दोन्ही बहिनी धड पायाच्या. दोघी मागावर बसल्या. मी एकटी म्याट्रिक झाली. आता सांगा, कोनाचं नुसकान झालं?”

 त्या उत्तरासाठी विचारत नव्हत्या.

डब्यात सावजी रस्सा असायचा, लालभडक, वर बोटभर तेल. नवीन माणसाला त्या स्वतः वाटी भरून द्यायच्या आणि तो पाणी कधी मागतो ते चष्म्यावरून पाहत राहायच्या. मी पहिल्या दिवशी पाणी मागितलं नाही. घाम पुसत राहिलो, डोळ्यांतून धारा लागल्या, पण मागितलं नाही. तेव्हापासून बाई मला आडनावानं, ‘भोयर’ म्हणू लागल्या. त्याआधी मी ‘ते कुहीवाले’ होतो.

मदतीचा त्यांचा एक नियम होता. विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. कुणी दंड धरायला गेलं की त्या जागच्या जागी उभ्या राहायच्या आणि हात सुटेपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा साहेबांनी दया येऊन त्यांचं टेबल तळमजल्यावर, शिपायांच्या बाकाजवळ हलवलं. बाई सकाळी आल्या, टेबल पाहिलं, त्यावरची शाईची दौत आणि पट्टी उचलली आणि दुसऱ्या मजल्यावर येऊन माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर काम करत बसल्या. सहा दिवस. सातव्या दिवशी टेबल वर आलं. साहेब म्हणाले, “अहो, मी तुमच्या सोयीसाठी केलं होतं.” बाई म्हणाल्या, “उजेड वरते हाय साहेब. नकाशाले उजेड लागते.”

अशा बाईंनी एक दिवस मोटार घेतली. तीही कसली? दोन माणसांची, उघडी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, लांब नाकाची इंग्लंडातली स्पोर्ट्स कार. सिव्हिल लाइन्समध्ये एक निवृत्त कोळसा खाणीचे मॅनेजर राहत. त्यांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली. पेट्रोल महागलं, परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले, त्यांचे गुडघे वाकेनात, आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली. सीटवर कोंबडी अंडी घालायची. बाईंच्या आईनं लेकीच्या लग्नासाठी जपलेलं सोनं होतं. लग्न होणार नाही हे दोघींनाही केव्हाचं ठाऊक होतं, पण सोन्याचा डबा उघडला नव्हता. तो त्या वर्षी उघडला.

ऑफिसात हसून हसून लोकांची पोटं दुखली. मीही हसलो. मग मी विचारलं, “बाई, गाडीच घ्यायची होती तर साधी घ्यायची. ही कशाला?”

“साध्या गाडीत बसाले गुडघा वाकवा लागते,” त्या म्हणाल्या. “माहा वाकत नाही. या गाडीत मानूस खाटेवर निजल्यावानी पाय लांब करून बसते. सात गाड्या पाहिल्या म्या. पाय मावते अशी हे एकच.” थोडं थांबून, शाईची निब पुसत त्यांनी पुढं जोडलं, “आन् सुंदर हाय. लंगड्या बाईनं कुरूप गाडी घ्याव असा काही जीआर निघाला का?”

शिकवणारा होता नथ्थूजी मिस्त्री. कॉटन मार्केटजवळ त्याचं गॅरेज होतं आणि गावातल्या निम्म्या टॅक्सी त्याच्या हाताखालून जायच्या. कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर रविवारी सकाळी तो बाईंच्या शेजारी बसायचा आणि मी सायकलवर हात ठेवून पाहत उभा. उजव्या पायाला काही अडचण नव्हती. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर तो सांभाळायचा. भांडण क्लचशी होतं. डावा पाय गुडघ्यात वाकत नसल्यामुळे बाई कमरेतून सगळा पायच पुढं लोटायच्या, पट्ट्यांसकट. क्लच दबायचा. पण दर वेळी गिअर बदलायचा म्हणजे दर वेळी क्लच, आणि दहा-बारा वेळा झालं की कंबर भरून यायची, पाय थरथरायचा.

लायसनच्या ऑफिसातले साहेब अनुभवी होते. त्यांनी गाडी बाहेर काढूच दिली नाही. उभ्या गाडीत बाईंना बसवलं आणि म्हणाले, “क्लच वीस वेळा दाबून दाखवा.”

बाईंनी चौदा वेळा दाबला. पंधराव्या वेळी पाय अर्ध्यावर जाऊन परत आला. साहेब वाईट नव्हते. खालच्या आवाजात म्हणाले, “बाई, कशाला जिवाशी खेळता? ड्रायव्हर ठेवा.”

“नाही म्हनता ना? लिहून द्या.”

त्यांनी लिहून दिलं, ‘डावा पाय क्लचचे काम वारंवार करू शकत नाही, सबब अपात्र.’

परत येताना नथ्थूजी गाडी चालवत होता आणि बाई शेजारी. मी मागून सायकलवर गॅरेजला पोचलो तेव्हा त्या अजून गाडीतच बसलेल्या, कागद मांडीवर. मला वाटलं, रडत असतील. कसं बोलावं याचा विचार करत मी जवळ गेलो. त्यांनी कागदातल्या एका शब्दावर बोट ठेवलं.

“वाच गा भोयर. काय लिहिलं हाय?”

“वारंवार.”

“वारंवार नाही चालत असं लिहिलं हाय. चालत नाही असं नाही लिहिलं.” कागदाची घडी करून त्यांनी पर्समध्ये टाकली. “म्हंजे वारंवार दाबाचं कामच पडू देऊ नये. नथ्थूजी! इकडं या बरं.”

पुढचे पंधरा दिवस बाईंच्या टेबलावर जेवणाच्या सुट्टीत नकाशे नव्हते, गाडीचं जुनं इंग्रजी पुस्तक होतं. मला त्यांनी ती गोष्ट कांड्या भरायच्या चरख्यावरून समजावली. मोठं चाक एकदा फिरलं की चाती कितीतरी वेळा फिरते. गाडीत ते उलटं असतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जे लोखंडी पोट असतं, त्यात एक मोठं दातेरी चाक आणि त्याला भिडलेलं एक लहान. इंजिनाकडून येणारा दांडा लहान्याला फिरवतो, लहाना मोठ्याला, मोठा गाडीच्या चाकांना. बाईंच्या गाडीत मोठ्याला त्रेचाळीस दाते होते नि लहान्याला दहा. म्हणजे दांडा सव्वाचार वेळा फिरला की गाडीचं चाक एकदा फिरणार. ही पळण्यासाठीची मांडणी. मोकळ्या रस्त्यावर गाडी तीरासारखी जायची, पण गर्दीत जरा वेग कमी झाला की वरच्या गिअरात धापा टाकायची. मग खालचा गिअर टाका, म्हणजे क्लच दाबा. पुन्हा वर घ्या, पुन्हा दाबा.

“हेच चाक फिरवाले दांडा पाच वेळापेक्षा जास्त फिरला, तर?” बाईंनी विचारलं.

“तर ताकद वाढेल. वेग कमी होईल.”

“म्हंजे बैलबंडीच्या मागं मी वरच्याच गिअरात चालू शकते. दुसऱ्यात सुटली का डायरेक्ट चौथ्यात. मंधातला तिसराही नाही लागत.” त्यांनी मला एक कागद दाखवला. महाल भागातल्या त्यांच्या बोळाच्या तोंडापासून ऑफिसपर्यंत प्रत्येक चौक, प्रत्येक वळण, आणि तिथं किती वेळा क्लच दाबावा लागतो ते त्यांच्या त्या सुरेख अक्षरात. हे सगळं त्यांनी नथ्थूजीच्या शेजारी बसून मोजलं होतं.

नथ्थूजीला पटवणं जास्त कठीण गेलं. असे दाते आणायचे कुठून, हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर बाईंनी पुस्तकातून काढलं होतं. गावात टॅक्सी म्हणून चालणाऱ्या गाड्यांचं मागचं पोट आणि या गाडीचं पोट मुळात एकाच आराखड्याचं. जुन्या टॅक्सींत मोठ्याला एकेचाळीस आणि लहान्याला आठ दाते. नथ्थूजीनं कानाला हात लावले.

“बाई, हे पाप हाय. रेसच्या घोड्याले टांग्याच्या घोड्याचं पोट बसवून राहिले तुम्ही.”

“टांग्याचा घोडा रोज घरी येते का नाही?”

“येते.”

“मंग?”

नथ्थूजी भंगारबाजारातून एक जोडी घेऊन आला. रविवारी गाडी ठोकळ्यांवर चढवली. मागची चाकं काढली, आतले दांडे ओढले, पोटातला दातेरी चाकांचा गोळा बाहेर काढला. नेमके तेव्हाच गाडीचे जुने मालक, ते खाणीचे मॅनेजर, गॅरेजच्या दारात उभे राहिले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. हातात काठी, डोक्यावर फेल्ट हॅट, चेहरा लाल.

“हे मी काय ऐकतोय? माझ्या गाडीत टॅक्सीचे गिअर?”

“तुमची होती,” बाई स्टुलावर बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या.

“अहो, ही गाडी ताशी शंभर मैलांना भिडायची! आता ऐंशीला ऊर फुटेल हिचा!”

“तुम्ही शंभरानं कुठं गेले होते?”

ते गोंधळले. “एकदा गेलो होतो. जबलपूरच्या रस्त्यावर. पहाटे.”

“आन् मंग?”

“मग काय? परत आलो.”

बाईंनी गोळ्यातून काढलेली जुनी जोडी, त्रेचाळीस आणि दहा, रॉकेलनं धुऊन ठेवली होती. ती एका स्वच्छ सुती कापडात बांधली आणि त्यांच्यापुढे धरली. “हे घ्या तुमचे शंभर मैल. जपून ठेवा.” म्हातारबुवांनी बराच वेळ ते गाठोडं हातात घेतलं नाही. मग घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाले, “लहान चाकाच्या, पिनियनच्या मागच्या चकत्या जपून बसवा. केसाएवढा फरक पडला तरी ओरडेल.”

आणि ती ओरडली. सगळं जोडून गाडी रस्त्यावर काढली, तर वेग धरताच मागून असा हंबरडा सुरू झाला की सायकलवाले वळून पाहू लागले. नथ्थूजी म्हणाला, “चालते बाई. टॅक्सीचं पोट हाय, थोडंफार गाईनच.”

“उघडा,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी उघडलं. चकत्या कमीजास्त केल्या, जोडलं, पुन्हा तेच. तिसऱ्या रविवारी नथ्थूजी वैतागला. “बाई, आता म्या हात टेकले. दाते मोजून एकेचाळीस हायेत. आनखीन काय पाह्यजे?”

 बाईंनी मोठ्या चाकाच्या दात्यांवर तेलात कालवलेला शेंदूर बोटानं लावला. ही मिस्त्रींचीच रीत. शेंदूर लावून चाक फिरवलं की दोघं एकमेकांना नेमके कुठं भिडतात त्याचा ठसा उमटतो. ठसा दात्याच्या मधोमध हवा. इथं एका दात्यावर टोकाला, दुसऱ्यावर कडेला, तिसऱ्यावर नुसता पुसट. बाई भिंग घेऊन आल्या होत्या, नकाशाचं. पाऊण तास त्या दोन्ही चाकांवर भिंग फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, “भोयर, हे आकडे वाच.”

मोठ्या चाकाच्या काठावर बारीक कोरलेला एक आकडा होता. लहान्याच्या टोकावरही होता. दोन्ही वेगळे.

“हे जोडीचे नाहीत,” बाई म्हणाल्या. “कारखान्यात दोघायले एकमेकांवर घासून बसवते आन् एकच नंबर टाकते. भंगारवाल्यानं एका गाडीचा नवरा आन् दुसऱ्या गाडीची बायको आनून दिली. भांडतीलच ना!”

नथ्थूजीनं आकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि पहिल्यांदाच बाईंकडे मिस्त्रीकडे पाहावं तसं पाहिलं. “सतरा वर्सं झाली या धंद्यात,” तो म्हणाला, “आकडे कोनी वाचले नाही.” पुढच्या आठवड्यात स्टेशनवरची एक म्हातारी टॅक्सी मोडीत निघाली, तर त्यानं स्वतः जाऊन, आपल्या डोळ्यांदेखत तिचं पोट उघडवून, एका नंबरची जोडी आणली. या खेपेला शेंदराचा ठसा दात्याच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढा, एकेचाळीसच्या एकेचाळीस ठिकाणी. गाडी रस्त्यावर काढली. आवाज नाही. बाईंनी एक लाकडी दांडकं कानाला नि दुसरं टोक गाडीच्या फरशीला लावून ऐकलं, नथ्थूजी चालवत असताना. मग दांडकं खाली ठेवलं. एवढंच.

लायसनच्या ऑफिसात तेच साहेब होते. “तुम्ही पुन्हा?”

“क्लच वीस वेळा नाही दाबनार,” बाई म्हणाल्या. “तेवढं कामच नाही पडत आता. बसा गाडीत. जिथं म्हनाल तिथं नेते.”

साहेब बुटक्या गाडीत कसेबसे शिरले. चिडूनच म्हणाले, “इतवारीतून घ्या.” इतवारी म्हणजे हातगाड्या, सायकलरिक्षा, गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, मध्येच बसलेली गाय. पुढचं मी पाहिलं नाही, मी ऑफिसच्या ओट्यावर बसून होतो. पण साहेबांनीच ते नंतर नथ्थूजीजवळ इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं. बाई दुसऱ्या गिअरात सुटल्या, एकदम चौथ्यात गेल्या आणि तिथंच राहिल्या. कापसाच्या गाठी लादलेल्या एका रिक्षामागे, चालत्या माणसाच्या चालीनं, अख्खा बाजार त्यांनी चौथ्या गिअरात पार केला. इंजिन ना गुदमरलं ना बंद पडलं.

परतताना मोकळा रस्ता लागला. वेगाचा काटा पन्नास मैलांवर गेला तसे साहेब ओरडले, “हळू, हळू! पन्नास झाले!”

“काटा खोटं बोलते साहेब. बेचाळीस हायेत. दाते बदलले ते त्याले माहीत नाही ना.” काट्याच्या बाजूला त्यांनी एक चिठ्ठी डकवली होती. वीसला सतरा, तीसला पंचवीस, पन्नासला बेचाळीस. टाकानं लिहिलेली.

ऑफिसच्या फाटकात गाडी उभी राहिली तेव्हा मी उठून उभा राहिलो. साहेब उतरले, टोपी झटकली.

“क्लच किती वेळा दाबला?”

“सतरा वेळा. जाऊन येऊन.”

“पाय दुखतो?”

“दुखते,” बाई म्हणाल्या. “तुमचे नाही दुखत का?”

साहेबांनी फॉर्म पुढं ओढला. “नियमात असं काही... पायात दोष असला तर...”

“‘वारंवार’ म्हंजे किती वेळा, थे लिहून द्या,” बाईंनी पर्समधला जुना कागद काढला. “वीस म्हनाल तर वीस लिहा. पन्नास म्हनाल तर पन्नास. मी बाहेर बाकावर बसते. दोन दिवस लागले तरी चालते.”

त्यांनी सही केली. शिक्का मारला तो इतक्या जोरात की टेबलावरची टाचण्यांची वाटी उडाली.

त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं ती गाडी नागपूरच्या रस्त्यांवर होती. मे महिन्यात डोक्याला ओला पंचा बांधलेल्या, हिवाळ्यात कानटोपी घातलेल्या बाई सगळ्या गावाला ओळखीच्या झाल्या. माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा बाई तिला आणायला कुहीला गेल्या. गाडीत दोनच जागा, म्हणून मी एसटीनं. माझ्या आधी तासभर दोघी नागपुरात पोचल्या होत्या. वाटेत काय बोलणं झालं कोण जाणे, पण आईनं पट्टी बांधल्या डोळ्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, “तुही बाई लय बोलते रे बाप्पा. पर हात काही थरथरत नाही तिचा.” ऑपरेशनला नेताना बाईंनी तुझा हात धरला का, असं मी विचारलं, तर आई म्हणाली, “तिनं पयले इचारलं, धरू का म्हनून.”

मी बढतीवर अमरावतीला गेलो. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मुद्दाम रजा काढून आलो. त्यांचा उजवा पायही आता कमजोर झाला होता. जिना उतरायला वीस मिनिटं लागली. हार, नारळ, शाल. नवीन साहेब तरुण होते, भाषण चांगलं करायचे. म्हणाले, “अपंग असूनही श्रीमती हेडाऊ यांनी इतकी वर्षं...”

“असूनही नाही,” बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

 साहेब हसले. “म्हणजे, बाई, मला म्हणायचं होतं...”

“माह्या फाइलीत पाहा. काम पाहा. ‘असूनही’ कोनाच्याच फाइलीत नसते. तेवढं एक काढा आन् बोला पुढं.”

साहेबांनी ते काढलं नि पुढं बोलले. भाषण जरा लहान झालं, पण बरं झालं.

बाहेर शिपायांनी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. बाईंनी चाकाजवळच्या तेवढ्या काढून टाकल्या, बाकीच्या राहू दिल्या. गाडीत बसल्या, पाय हातानं उचलून आत घेतला, आणि आमच्यापैकी कुणाकडे न बघता निघाल्या. डोळे पुसायचे तर समोर रस्ता आहे, असं काहीसं असावं. किंवा नसेलही.

साहेबांनी मला स्टेशनपर्यंत आपल्या गाडीत बसवलं. बर्डीच्या बाजारात संध्याकाळची गर्दी. पुढं सगळं अडकलेलं. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मागच्या बसनं वाजवला, त्यामागच्या ट्रकनं वाजवला. साहेबांनी मान बाहेर काढून पाहिलं. “कोण आहे पुढं?”

पुढं कडब्याची बंडी होती. बंडीमागे झेंडूच्या माळा घातलेली ती बुटकी गाडी. बैल ज्या चालीनं चालत होते त्याच चालीनं बाई चालल्या होत्या, ना थांबत, ना मागेपुढे होत. पांढरे झालेले केस, ताठ मान. चौथ्या गिअरात असणार, मला आवाजावरून कळत होतं.

“अहो, त्यांना बाजूला घ्यायला सांगा,” साहेब ड्रायव्हरला म्हणाले. “वाजव, वाजव.”

ड्रायव्हरनं लांबलचक हॉर्न दिला. तेव्हा बाईंचा उजवा हात गाडीबाहेर आला. तळवा खाली करून तो दोनदा सावकाश वरखाली झाला. दमानं घ्या. मग हात आत गेला. महालाकडचा फाटा आला, बंडी सरळ गेली आणि बाई वळल्या. आमच्यापुढचा रस्ता मोकळा झाला, तरी ड्रायव्हरनं काही क्षण गाडी हलवली नाही.